बुरूस, विटाळ आणि जंतू

बाप गेल्यावर त्याची पत्र्याची पेटी उघडली. तीत तीन वस्तू निघाल्या. गिरणीचा पास, बाबासाहेबांची एक लहान तसबीर आणि दाढीचा ब्रश. ब्रशाची लाकडी मूठ झिजून गुळगुळीत झाली होती, केस निम्मे झडले होते. पण मुळाशी साबणाचा एक कणही साचलेला नव्हता. ज्यांच्या पूर्वजांना ताम्रपट मिळाले, त्यांनी आपला इतिहास ताम्रपटांतून लिहिला. आपल्याला तो अशा पेट्यांतूनच शोधावा लागणार आहे. म्हणून या ब्रशाविषयी लिहितो.

बाप ब्रश कसा धुवायचा ते मी लहानपणी रोज पाहिले आहे. दाढी झाली की कोमट पाणी घ्यायचे, केस बोटांनी फाकवायचे, आत अडकलेला साबण आणि केसांची कुसे काढायची. पाणी नितळ येईपर्यंत हे चाले. मग ब्रश झटकून, केस खाली आणि मूठ वर करून खिडकीशी वाऱ्यावर टांगायचा. उकळते पाणी तो कधी घालत नसे. त्याने मुठीत बसवलेले केस सुटतात. मी एकदा ब्रश ओलाच पेटीत टाकला तेव्हा म्हणाला, "वल्ला बुरूस झाकून ठिवू नगं. त्येच्यात रोग धरतो." चार बुकेही न शिकलेल्या या माणसाला एवढी काळजी का, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या गावचा न्हावी महारवाड्याकडे फिरकत नसे. तो पाटलाच्या म्हशी भादरी, पण आमच्या माणसाच्या डोक्याला हात लावीत नसे. आमच्यातलाच एक म्हातारा दगडावर वस्तरा परजून साऱ्या वस्तीची डोकी करी. पुढे बाप तालुक्याला बाजारासाठी जाऊ लागला. तिथे एका सलूनवाल्याने आमच्या लोकांची दाढी करायचे कबूल केले. पण दुकानाच्या मागच्या अंगाला, जमिनीवर बसवून. आमच्यासाठी वेगळी वाटी, वेगळा वस्तरा, वेगळा ब्रश. सगळे एका डब्यात. तो ब्रश कधी धुतला जात नसे. धुवायचा तर निवांत हातात घ्यावा लागला असता, आणि कुणासाठी? बापाच्या हनुवटीला पुळ्या आल्या, त्या चिघळल्या, महिनाभर गेल्या नाहीत. त्यानंतर मुंबईस गिरणीत लागल्यावर पहिल्या पगारातून त्याने घेतलेली वस्तू म्हणजे हा ब्रश.

यातली गोम नीट पाहा. वेगळा ब्रश ठेवला होता तो शुद्धतेसाठी. प्रत्यक्षात त्या दुकानातली सर्वांत घाण वस्तू तीच होती. विटाळ टाळण्याच्या व्यवस्थेनेच रोग निर्माण केला, आणि तो ज्यांना अशुद्ध म्हटले त्यांच्याच तोंडावर फासला.

हा अनुभव एकट्या माझ्या बापाचा नव्हे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्याच्या घराचे वर्णन केले आहे. तिथे भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे. गावात न्हावी नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण. बाप सैन्यात सुभेदार होता, तरीही.

आता या ब्रशाची दुसरी बाजू पाहू. ब्रशातून खरोखर प्राणघातक रोग पसरल्याचा इतिहास आहे, आणि तो युरोप-अमेरिकेचा आहे. 1914 साली महायुद्ध पेटले आणि ब्रशासाठी लागणाऱ्या केसांच्या व्यापाराच्या जुन्या वाटा तुटल्या. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश तिकडे उत्तम मानला जाई. तो महाग झाला, तेव्हा घोड्याचे स्वस्त केस त्याच्यासारखे दिसतील असे करून ब्रश बाजारात आले. केस आशियातून येत, आणि काही कारखान्यांत ते पुरेसे निर्जंतुक न करताच मुठीत बसवले जात. काही दिवसांत सैनिकांच्या आणि नागरिकांच्या गालांवर, मानेवर न दुखणाऱ्या पुळ्या उठू लागल्या. भोवती सूज, मधोमध कोळशासारखी काळी खपली. हा अँथ्रॅक्स. आपल्याकडे माणसाला झाला तर काळपुळी, आणि जनावरांत फाशी म्हणतात तो रोग. कित्येक माणसे मेली. ब्रश वापरलेले नव्हते, कोरे करकरीत होते.

या रोगाचे जंतू बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षे जिवंत राहतात, हे रॉबर्ट कॉखच्या 1876 सालच्या संशोधनाने उलगडले होते. म्हणून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ब्रशासाठी कडक रीत सांगितली. फॉर्मॅलिनच्या दहा टक्के द्रावणात, सुमारे 43 अंश सेल्सिअस उष्णतेत, चार तास ब्रश बुडवावा आणि हलवीत राहावे, म्हणजे औषध प्रत्येक केसाला भिडेल. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि छातीला घातक. घरी करण्याचा हा उद्योग नव्हे. ब्रिटनने 1919 साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला, 1920 साली जपानी ब्रशांची आयात बंद केली, आणि 1921 साली लिव्हरपूलला लोकर व केस निर्जंतुक करण्याचे सरकारी केंद्र उघडले. तिथे आधी साबण आणि क्षाराच्या कोमट पाण्यात माल धूत, मग फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवीत. कारण रक्त आणि मळ जंतूला पांघरूण घालतात. आधी मळ काढा, मग औषध लावा. माझ्या बापाचीही रीत तीच होती. त्याच्याकडे फक्त फॉर्मॅलिन नव्हते.

या प्रकरणात कुणी 'हा ब्रश कोणाच्या जातीचा' असे विचारले नाही. केस कुठून आला, कुणी धुतला नाही, का धुतला नाही, एवढेच विचारले. रोग माणसाच्या जन्मातून आला नव्हता. तो नफ्याच्या घाईतून आला होता, म्हणून त्याला उपाय सापडला.

आणि आपल्याकडे? फाशी होऊन पडलेले ढोर कोण ओढीत होते? ते फाडत कोण होते? भुकेपोटी त्याचे मांस कोण खात होते? कातडे कोण कमावीत होते? महार, मांग, ढोर, चांभार. रोगाच्या सर्वांत जवळ ज्यांना गावाने ढकलले, त्यांनाच गावाने अस्पृश्य ठरवले. लिव्हरपूलचा कायदा कामगाराच्या फुप्फुसासाठी होता. आपल्या धर्मशास्त्राने ढोर फाडणाऱ्याच्या जीविताची चौकशी कधी केली नाही. त्याची सावली कुणावर पडली एवढेच मोजले. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडच्या परिषदेत मृत मांस खाणे आणि ढोरे ओढणे सोडा, हा विचार पुढे आला तो स्वाभिमानाचा होता. मला तो आरोग्याचाही वाटतो. चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो, तेव्हा सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध केले. कॉखच्या संशोधनाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. शेण आणि गोमूत्राने तळ्याचे पाणी निर्जंतुक होत नाही. पण मारायचा होता तो जंतू नव्हताच.

इथे कुणी न्हाव्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील, तर मी त्याच्याशी सहमत नाही. न्हावी हा बलुतेदार. आमची दाढी केली असती तर पाटलाने त्याचे बलुते बंद केले असते. दाढीच्या खरजेला इंग्रजी वैद्यकानेही 'बार्बर्स इच' म्हणून त्याचेच नाव चिकटवले. आणि हेही विसरू नये की 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. ज्या हातांना गावाने आपला नियम राबवायला लावला, तेच हात नियम मोडूही शकतात. प्रश्न वस्तऱ्याचा नाही, वस्तरा कुणाच्या हुकमाने चालतो याचा आहे.

29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत दुकान या शब्दाचा अर्थ विचारला गेला. बाबासाहेबांनी सांगितले की, जो कुणी आपली सेवा देऊ करतो तो सारा या शब्दात येतो. केवळ उंबरठ्याच्या आत येऊ देणे पुरेसे नाही. हे उत्तर वाचताना मला साताऱ्याच्या घरातली कात्री दिसते. पुढे 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरवला. तरीही न्हाव्याने दलिताचे केस कापायला नकार दिल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून आजही येतात. आता पात्याची अर्धी तुकडी गिऱ्हाईकागणिक बदलतात, ते रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या आणि एड्सच्या भीतीने. ही भीती रास्त आहे, कारण ती सर्वांना सारखी लागू आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. आपल्या वस्तीत जुन्या काळी डोकी कोण करी, त्या म्हाताऱ्याचे नाव अजून कुणाला तरी आठवत असेल. वस्तरा कुठून आणला, कुणाकडून शिकला, तालुक्याला वेगळी वाटी कुठल्या साली गेली, ते विचारून लिहून ठेवा. सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. आमच्या म्हाताऱ्याचे नाव बापाला ठाऊक होते. मी ते विचारले नाही.