लॅपटॉपची झिजलेली बॅटरी घरी बदलताना

नवा असताना पाच-सहा तास चालणारा लॅपटॉप चार वर्षांनी चार्जरविना पाऊण तासही तग धरत नाही. पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावांत तर असे यंत्र असून नसल्यासारखे होते. पुष्कळदा यावरून यंत्रच जुने झाले असा निष्कर्ष काढला जातो आणि सुस्थितीतील प्रोसेसर, पडदा व कळफलक यांसह सगळेच भंगारात जाते. वस्तुतः बॅटरी हा दुचाकीच्या टायरसारखा झिजणारा आणि बदलता येणारा भाग आहे. स्क्रू ड्रायव्हर नीट हाताळता येणाऱ्या व्यक्तीला अनेक लॅपटॉपांची बॅटरी घरच्या घरी तासाभरात बदलता येते. त्यातील हाताचे काम सोपे असते. कोणती बॅटरी बदलायची, कोणती विकत घ्यायची आणि कुठे थांबून यंत्र जाणकाराकडे सोपवायचे, हे निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावे लागतात.

बॅटरी का झिजते

आजच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपांत लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज होताना लिथियमचे आयन धन विद्युतअग्राकडून ग्राफाइटच्या ऋण विद्युतअग्राकडे जातात आणि वापराच्या वेळी परत येतात. या येरझाऱ्यांत ग्राफाइटवर एक पातळ थर वाढत जातो व त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. जेवढे लिथियम अडकले तेवढी बॅटरीची क्षमता घटली.

ही झीज ‘आवर्तनां’त मोजतात. एकूण शंभर टक्के क्षमता वापरली गेली की एक आवर्तन पूर्ण होते. आज निम्मी आणि उद्या निम्मी वापरली तरी आवर्तन एकच धरले जाते. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते, असे मानतात. ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुकसाठी ही मर्यादा १,००० आवर्तने सांगितलेली आहे. उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज ठेवणे या दोन गोष्टींनी झीज वेगाने होते. त्यामुळे कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरीही, फारशी न वापरता, निकामी होऊ शकते.

आधी तपासणी

बॅटरी लवकर संपते याचे कारण प्रत्येक वेळी बॅटरीच असते असे नाही. पार्श्वभूमीवर चालणारा एखादा प्रोग्रामही वीज खातो. म्हणून खर्च करण्यापूर्वी आकडे पाहावेत. विंडोज प्रणालीत कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ व तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे टंकले की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला हे पडद्यावर दिसते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे मूळ क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची क्षमता दिलेली असते. मूळ क्षमता ४८,००० व आजची २४,००० मिलिवॅट-तास असेल तर बॅटरी ५० टक्के उरली आहे. मॅकबुकमध्ये सेटिंग्जमधील बॅटरी विभागात तिची प्रकृती समजते, तर सिस्टिम रिपोर्टमध्ये आवर्तनांची संख्या मिळते. क्षमता ८० टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा दोष अन्यत्र असतो. ती ५० ते ६० टक्क्यांवर आली असेल तर बॅटरी बदलण्याचा लाभ लगेच जाणवतो.

या तपासणीचे महत्त्व लेनोवो कंपनीच्या थिंकपॅड टी-४८० या मॉडेलवरून स्पष्ट होते. २०१८ मध्ये आलेल्या या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या आहेत : एक आत बसवलेली, २४ वॅट-तासांची, दुसरी मागून काढता येणारी. अहवालात दोन्हींचे आकडे वेगवेगळे दिसतात. बाहेरचीच झिजली असेल तर खालच्या दोन खिट्या सरकवून ती काढायची आणि नवी बसवायची. यंत्र उघडण्याची गरजच उरत नाही. आकडे न पाहता आतली बॅटरी बदलणाऱ्याचे पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात.

फुगलेली बॅटरी

झिजलेली बॅटरी गैरसोयीची असते, फुगलेली धोक्याची असते. आतील रसायनांचे विघटन होऊन वायू तयार झाला की बॅटरीचे पाकीट फुगते. टचपॅड वर उचलला जाणे किंवा त्याचे बटण न दबणे, झाकण पूर्ण न मिटणे, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगणे, तळाचे आवरण कडेला उघडे पडणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चार्जर तत्काळ काढावा, यंत्र बंद करावे आणि ते पुन्हा चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून वायू सोडण्याचा प्रयत्न कदापि करू नये. आतील थर एकमेकांना टेकले तर क्षणात प्रचंड उष्णता निर्माण होऊन आग लागते आणि तिचा धूर विषारी असतो. हे काम घरी न करता यंत्र जाणकार दुरुस्ती केंद्राकडे न्यावे. तोवर ते पलंग, पडदे व कागदपत्रांपासून दूर, फरशीवर ठेवावे.

योग्य बॅटरीची निवड

लॅपटॉपच्या नावावरून बॅटरी मागवणे ही नेहमी होणारी चूक आहे. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या असू शकतात. जुन्या बॅटरीच्या लेबलावरील भाग क्रमांक हाच खरा आधार मानावा. तो यंत्र न उघडता दिसत नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक देऊन शोधता येतो. लेनोवो, डेल व एचपी या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची देखभाल-पुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून देतात. बॅटरी कोणत्या स्क्रूंनी धरली आहे आणि जोडणी कशी सुटते, याची चित्रे तीत असतात. खरेदीपूर्वीच ती पाहावी.

लेबलावरील व्होल्टचा आकडा जुन्या बॅटरीशी जुळला पाहिजे. वॅट-तास म्हणजे व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार, ११.४ व्होल्ट आणि २.१ ॲम्पिअर-तासांची बॅटरी सुमारे २४ वॅट-तासांची होते. विक्रेत्याने दिलेले आकडे या गुणाकाराशी जुळत नसतील, किंवा तेवढ्याच आकारात मूळच्या दीडपट क्षमतेचा दावा असेल, तर ती बॅटरी टाळावी. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर मानकचिन्हाखाली ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो पडताळता येतो. निर्मितीची तारीखही पाहावी, कारण लिथियम-आयन बॅटरी दुकानात पडून राहिली तरी म्हातारी होत असते. पक्के बिल आणि लेखी हमी मागून घ्यावी. लॅपटॉप हमीच्या मुदतीत असेल तर तो उघडण्याआधी हमीच्या अटी वाचणे श्रेयस्कर.

बदलण्याची कृती

काम सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. बॅटरी वापरून २५ टक्क्यांच्या खाली आणावी. साठलेली ऊर्जा जितकी कमी, तितका अपघाताचा धोका कमी. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद करावे. विंडोजमध्ये शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडले म्हणजे ते खऱ्या अर्थाने बंद होते. चार्जर आणि बाकी सर्व तारा काढाव्यात. टी-४८० सारख्या थिंकपॅडमध्ये आणखी एक सोय आहे : सुरू करताना एफ-१ दाबून सेटअपमध्ये गेल्यावर ‘कॉन्फिग’मधील ‘पॉवर’ या भागात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ हा पर्याय मिळतो. तो निवडला की आतल्या बॅटरीचा पुरवठा तुटतो आणि यंत्र बंद होते. मग बाहेरची बॅटरी काढून घ्यावी.

लॅपटॉप मऊ कापडावर, झाकण खाली करून ठेवावा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्यात. तळाचे स्क्रू योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच सोडवावेत. बहुतेक ठिकाणी फुलीच्या आकाराचा छोटा स्क्रू ड्रायव्हर चालतो. मॅकबुकला पाच पाकळ्यांचा लागतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवल्यास मदरबोर्डला इजा होते. म्हणून कागदावर यंत्राच्या तळाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावावा. टी-४८० चे तळाचे स्क्रू ढिले झाले तरी आवरणातच अडकून राहतात. ते निघत नाहीत म्हणून जोर लावू नये. आवरणाच्या कडेचे हूक प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हलकेच सोडवावेत. सुरी किंवा धातूची पट्टी आत घालू नये.

आवरण निघाल्यावर दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी बॅटरीची मदरबोर्डवरील जोडणी सोडवावी. काही जोडण्या बोर्डाला समांतर सरकतात, काही सरळ वर उचलल्या जातात, तर काहींवर धातूची छोटी कडी असते. पुस्तिकेतील चित्र इथे कामी येते. तारा ओढू नयेत, जोडणीचे प्लॅस्टिक धरावे. त्यानंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवले की सर्किटमधील उरलासुरला भार निघून जातो. मग बॅटरीचे स्क्रू काढून ती न वाकवता उचलावी.

स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवलेली बॅटरी दिसली तर थांबावे. २०१२ पासूनच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये, तसेच अनेक अतिपातळ लॅपटॉपांत, अशी रचना असते. चिकटलेली बॅटरी उचकटताना ती वाकते किंवा फाटते आणि घरगुती अपघाताची शक्यता याच टप्प्यावर सर्वाधिक असते. हे काम केंद्रात करून घेण्यात कमीपणा नाही.

नवी बॅटरी बसवताना क्रम उलटा : आधी बॅटरी जागेवर, मग तिचे स्क्रू, शेवटी जोडणी. बॅटरीखाली एखादा स्क्रू राहिला नाही याची खात्री करावी, कारण विसरलेला स्क्रू पुढे बॅटरीत रुतू शकतो. आवरण लावून चार्जर जोडावा आणि यंत्र सुरू करावे. थिंकपॅडमध्ये बंद केलेली आतली बॅटरी चार्जर जोडल्यावर आपोआप पुन्हा कार्यान्वित होते. त्याआधी यंत्र सुरू झाले नाही तर बिघाड समजू नये. काही यंत्रांत तारीख व वेळ पुन्हा लावावी लागते.

पहिल्यांदा आठ तास चार्ज करण्याची गरज नसते; ती जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांची रीत होती. एकदा पूर्ण चार्ज करून, दहा टक्क्यांपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण चार्ज केले की टक्केवारीचा अंदाज बराच अचूक होतो. त्यानंतर अहवाल पुन्हा काढावा. नव्या बॅटरीची आजची क्षमता मूळ क्षमतेच्या जवळपास नसेल, किंवा पहिल्या काही चार्जमध्ये ती विलक्षण तापत असेल, तर ती लगेच विक्रेत्याला परत करावी.

जुन्या बॅटरीचे काय

जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली गेल्यास तीही पेट घेऊ शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. ती परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची. जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, बॅटरी कोरड्या डब्यात ठेवावी आणि विक्रेता, कंपनीचे सेवाकेंद्र किंवा आपली पालिका अथवा पंचायत यांच्याकडे ई-कचरा संकलनाची चौकशी करावी.

कायद्याचा कलही हळूहळू ग्राहकाच्या बाजूने वळत आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता येईल अशीच असावी लागेल. तोपर्यंत नवा लॅपटॉप घेतानाच त्याची बॅटरी स्क्रूंनी बसवली आहे की गोंदाने, हे विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

नव्या बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय यंत्रात असल्यास वापरावी, लॅपटॉप उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये आणि गादीवर ठेवून हवेची भोके बुजवू नयेत. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून यंत्र बंद ठेवावे. एवढी काळजी घेतली तर चांगल्या स्थितीतील लॅपटॉप नव्या बॅटरीवर आणखी तीन-चार वर्षे सहज काम देतो.