गाईची ब्रुसेला टेस्ट ‘पॉझिटिव्ह’ आली, म्हणजे नेमकं काय?

गावाकडून व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो येतो: ‘ब्रुसेला पॉझिटिव्ह’. घरच्यांचा प्रश्न एकच, गाय ठेवायची की काढायची? उत्तर देण्याआधी कोणती टेस्ट केलीय ते बघा.

ब्रुसेला जिवाणूमुळे गाई-म्हशी गाभडतात. कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या गाईची वार हाताळताना तो माणसालाही लागतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तिथे जनावरांच्या अशा आजारांचे नमुने तपासतात.

सगळ्यात स्वस्त टेस्ट रोझ बेंगॉल. रक्तातल्या सीरमचा एक थेंब आणि मारलेल्या, गुलाबी रंगवलेल्या ब्रुसेलाचा एक थेंब काचेवर मिसळायचा. ४ मिनिटांत गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. एलायझात ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये रंग येतो आणि मशीन तो आकड्यात मोजतं, त्यामुळे एका वेळी बरेच नमुने होतात.

पण दोन्ही टेस्ट मोजतात फक्त अँटिबॉडी. आपल्या भाषेत सांगायचं तर ही सर्व्हरची लॉग फाइल झाली: कोणीतरी आत यायचा प्रयत्न केला होता एवढं कळतं, तो अडवला गेला का, हे नाही. त्यात ब्रुसेला पेशींच्या आत लपतो, तिथे अँटिबॉडीचा फारसा उपयोग नाही. पेशींची तयारी बघायची तर ताज्या रक्तात ब्रुसेलाची प्रथिनं घालून, ते रात्रभर ठेवून इंटरफेरॉन गॅमा मोजावं लागतं. हे गोठ्यावर होण्यासारखं काम नाही.

खरा बचाव थेट तपासायची जुनी पद्धत घटसर्पाच्या लसीसाठी वापरतात. लस दिलेल्या जनावराचं सीरम उंदरांना टोचायचं, मग जिवंत जिवाणू द्यायचे आणि किती उंदीर जगतात ते मोजायचं. उत्तर स्पष्ट मिळतं, पण दिवस जातात आणि उंदीरही.

आता तो रिपोर्ट. ब्रुसेलाची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात. लसीमुळेही या टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकतात. लहानपणी दिली तर त्या अँटिबॉडी सहसा ओसरतात, मोठेपणी दिली तर रेंगाळतात. म्हणून कानातल्या टॅगचा १२ अंकी नंबर घेऊन डॉक्टरांना आधी लसीची तारीख विचारा, आणि दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी करून घ्या. तोवर गाय वेगळी बांधा, दूध उकळूनच प्या.