न दिसणारा ऑक्सिजन

ऑग्युस्त कोंतनं १८३५ साली ठामपणे लिहिलं, की ताऱ्यांची रासायनिक घडण आपल्याला कधीच कळणार नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे आजही जरा बोचतं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सनं मार्जारनेत्र तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तर सलग पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा. म्हणजे तो वायू! त्यातली हिरवी रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती, म्हणून ‘नेब्युलियम’ कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवलं, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.

कोंत अज्ञानी नव्हता हो. पाहणं म्हणजे डोळ्यांनी पाहणं, एवढंच त्यानं धरलं. याच ऑक्सिजनच्या ५२ आणि ८८ मायक्रॉनच्या अवरक्त रेषा डोळ्यांना दिसतच नाहीत, पण धुळीतून आरपार येतात. हिरवी रेषा तापमानानुसार फार बदलते, या फारशा नाही. म्हणून ऑक्सिजन किती, ते जास्त भरवशानं काढता येतं. दोघींच्या गुणोत्तरावरून वायूची घनताही कळते.

अडचण आपल्याच हवेची. तिच्यातली वाफ हे किरण गिळते. म्हणून नासानं १९७४ पासून ९१ सेंटिमीटरची दुर्बीण विमानातून साडेबारा किलोमीटर उंच नेली. आपल्या टीआयएफआरनं एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूननं वर सोडली आणि आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा मोजली.