बेहड्याची फळं मोजणारा राजा

आर्वी तालुका जिथे संपतो, तिथे वर्धा नदी आडवी येते. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा आणि काठावर कौंडिण्यपूर. हे गाव आपल्याला रुक्मिणीचं माहेर म्हणून ठाऊक असतं. इथून आषाढीला पंढरपूरला पालखी जाते. पण परंपरेनं विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर म्हणजे हेच गाव मानलं, तर ते आणखी एका लेकीचं माहेर ठरतं. ती म्हणजे दमयंती. आणि तिच्या नवऱ्याच्या गोष्टीत जुगाराचा हिशेब ठेवण्याबद्दल असं काही सांगितलंय, जे आजच्या ऑनलाइन पोकर खेळणाऱ्याला अजूनही उपयोगी पडावं.

गोष्ट महाभारताच्या वनपर्वात येते. द्यूतात सगळं हरून युधिष्ठिर वनात बसलाय. माझ्याइतका दुर्दैवी राजा झाला असेल का, असं तो विचारतो. तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला निषध देशाच्या नलाची हकीकत सांगतात. नलाच्या अंगात कली शिरतो, नल भाऊ पुष्कराशी फासे खेळायला बसतो आणि राज्य घालवून बसतो. लोक थांबवायला येतात, दमयंती विनवते, पण तो उठत नाही. पुढे अंगावरचं वस्त्रही जातं. रूप पालटलेला नल बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो.

ऋतुपर्णाला विदर्भात पोहोचायची घाई असते. वाटेत एक बेहड्याचं झाड दिसतं. त्रिफळा चूर्णातला बेहडा तो हाच. प्राचीन काळी याचीच फळं फासे म्हणून वापरत. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात जुगारी रडतो, तोही याच फळांच्या नावानं. ऋतुपर्ण चालत्या रथातून झाडाकडे बघतो आणि सांगतो, की या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २,०९५ फळं. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं, असं विचारल्यावर राजा म्हणतो, की मी फाशांचं मर्म जाणतो आणि मोजण्यात तरबेज आहे.

विज्ञानाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली. संभाव्यतेच्या गणिताचा जन्म साधारणपणे १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात झाला असं मानतात. त्याच्या कितीतरी शतकं आधी ही कथा अंदाज बांधण्याची विद्या आणि फासे खेळण्याची विद्या शेजारीशेजारी ठेवते. थोडं बघून पुष्कळाचा अंदाज बांधायचा, आणि मग तो अंदाज मोजून तपासायचा. आकडेशास्त्राचं निम्मं काम हेच आहे.

आता मोबाइलवर या. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अमेरिकन हिशेबनीस ऑनलाइन स्पर्धेतून पात्र ठरला आणि पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून गेला. त्यानंतर ऑनलाइन पोकर जगभर पसरलं. त्याच काळात ‘पोकरट्रॅकर’ आणि नंतर ‘होल्डेम मॅनेजर’ अशी सॉफ्टवेअर आली. त्यांचं काम साधं आहे. खेळलेल्या प्रत्येक डावाची नोंद फाइलमध्ये साठते. कोण कुठे बसलं होतं, कुणी किती लावले, कुणी पानं टाकली, हे सगळं त्यात असतं. सॉफ्टवेअर त्या नोंदी एकत्र करून सांगतं, की शंभरातल्या किती डावांत तुम्ही स्वतःहून पैसे घातले, किती वेळा वाढवले, कुठल्या जागेवर बसून सर्वांत जास्त हरलात. रात्री दोननंतरचे डाव वेगळे काढून बघता येतात. मोठी हार झाल्यानंतरचा अर्धा तास तपासता येतो. आपण रागाच्या भरात कसे खेळतो, हे तिथे आकड्यांत दिसतं.

पण हे आकडे वाचायलाही ऋतुपर्णाची नजर लागते. समजा, तुम्ही दहा हजार डाव खेळलात आणि दर शंभर डावांमागे पाच ‘बिग ब्लाइंड’ जिंकलात. बिग ब्लाइंड म्हणजे डावाच्या सुरुवातीला सक्तीनं लावायची मोठी रक्कम. शंभर डावांतला चढउतार साधारण ९० बिग ब्लाइंडचा धरला, तर दहा हजार डावांनंतरही तुमच्या सरासरीत नऊची चूक सहज असू शकते. म्हणजे पाच जिंकणारा माणूस मुळात हरणाराही असेल. लाख डाव झाले तरी ही चूक तीनच्या आसपास राहते. पंधरा दिवस जिंकून नोकरी सोडायचा विचार करणाऱ्या मुलानं एवढा एक हिशेब केला, तरी पुष्कळ झालं.

कुणी म्हणेल, नोंदी तर मटकेवालेही ठेवायचे. खरंय, आणि त्या गोष्टीचं वर्ध्याच्या मातीशी दूरचं नातंही आहे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जायचा. आपल्याकडे भाव परदेशात ठरायचा आणि मुंबईत त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या दरांवरचा हा ‘आकडा’ पुढे मटका झाला. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मग गावोगाव लोक जुन्या आकड्यांचे चार्ट घेऊन बसू लागले.

त्या चार्टात आणि पोकरच्या नोंदीत फरक आहे. काल कुठला आकडा आला याचा आज येणाऱ्या आकड्याशी संबंध नसतो. चार्ट कितीही जपून ठेवला, तरी त्यातून काही शिकता येत नाही. पोकरच्या नोंदीत मात्र तुमचे स्वतःचे निर्णय असतात. पत्ते कुठले येतील हे तुमच्या हातात नाही. ते आल्यावर काय करायचं, हे आहे.

कौशल्य की नशीब, हा वाद कायद्यातही जुना आहे. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. पुढे सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरवाले हाच आधार घेत आले. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा वादच बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवण्यावर बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही.

त्याच्याबद्दल ट्रॅकर काय सांगतो? टेबलावरचा पैसा खेळणाऱ्यांच्याच खिशातून येतो आणि प्रत्येक डावातून चालवणारा आपला वाटा कापून घेतो. म्हणून सगळ्यांची बेरीज केली, तर ती उणेच येते. काहींचा आलेख वर जातो. बाकीच्यांचा खाली जातो, आणि त्यांतले बहुतेक नोंद ठेवत नाहीत. जिंकलेली रात्र लक्षात राहते, हरलेली विसरायला होते. प्रामाणिक नोंद पुष्कळांना ‘आणखी चांगलं खेळ’ असं सांगत नाही. ती ‘ऊठ’ म्हणते.

नलाच्या गोष्टीतही नेमकं हेच घडतं. झाडाजवळ ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो, आणि बदल्यात नल घोड्यांची विद्या द्यायचं कबूल करतो. ती विद्या मिळताच कली नलाच्या अंगातून बाहेर पडतो आणि बेहड्याच्या झाडात शिरतो. जिंकण्याच्या आधी मोजणं आलं, आणि मोजण्यानं आधी वेड उतरलं.

पुढे नल पुष्कराला पुन्हा आव्हान देतो आणि एका डावात राज्य परत मिळवतो. पण त्या डावाला तो पणाला काय लावतो? धन, आणि सोबत दमयंतीसुद्धा. पहिल्या खेळात पुष्करानं तिला लावायला सुचवलं, तेव्हा नलानं ऐकलं नव्हतं. विद्या आल्यावर मात्र तो स्वतःहून तिला लावतो. तो जिंकला, म्हणून कथा गोड झाली. खेळ कळला म्हणजे काय पणाला लावू नये हेही कळतं, असं नाही. ते कुठल्याच आलेखात दिसत नाही.

शेवटी बृहदश्व युधिष्ठिरालाही ती विद्या देतात. विराटाच्या दरबारात तो कंक नावानं फासे खेळतो. पण आपलं राज्य परत मिळवायला तो पुन्हा द्यूताला बसत नाही.