तीन वर्षांचे रविवार

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. हा २१ अंकी आकडा म्हणजे दोनाचा ६७वा घात वजा एक.

१६४४ साली फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही, असा दावा. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी तो खोडून काढला. गंमत अशी, की तिला भाग जातो एवढंच त्यांच्या पद्धतीतून सिद्ध झालं. कशाने जातो, ते कळलंच नाही. चोरी झाल्याचं नक्की, पण चोराचा पत्ता नाही!

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली होती. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. पुढचा किस्सा गणितज्ञ ई. टी. बेल यांनी सांगितलेला. कोल यांनी एकही शब्द न बोलता आधी दोनाचा ६७वा घात काढला, त्यातून एक वजा केला. मग शेजारी गुणाकार मांडला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या कडाडल्या.

हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं बेल यांनी पुढे विचारलं. तीन वर्षांचे रविवार, असं उत्तर मिळालं.

गुणाकार तासाभराचा, अवयव शोधायचे तर वर्षं. याच तफावतीवर १९७७ साली आरएसए ही सांकेतिक पद्धत उभी राहिली. इंटरनेटवरची कितीतरी गुपितं आजही ६००हून अधिक अंकी संख्यांच्या न सापडलेल्या अवयवांच्या भरवशावर सुरक्षित आहेत.