शस्त्र जपणारे हात

शस्त्राचा इतिहास लिहिताना ते कोणी चालवले हे आपण आवर्जून लिहितो. ते कोणी जपले याची नोंद क्वचितच होते. उदगीरची लढाई म्हटली की 3 फेब्रुवारी 1760 ही तारीख, सदाशिवराव भाऊ, निजामअली आणि इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आठवतात. त्या पलटणींच्या चकमकीच्या बंदुका संध्याकाळी कोणी धुतल्या, कोणी पुसल्या, मोडका दस्ता कोणी बसवून दिला, हे शाळेच्या पुस्तकात नसते आणि संशोधकांच्या ग्रंथांतही फारसे नसते. तरीही त्या हातांवाचून एकही शस्त्र दुसरा पावसाळा पाहत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगजींची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत: सोन्याची कट्यार, पोलादी ढाल, धनुष्ये, 35 बाणांचा भाता, तलवारी आणि एक तोड्याची बंदूक. गुरुजींनी 7 ऑक्टोबर 1708 रोजी नांदेडला देह ठेवला. म्हणजे तीनशेहून अधिक पावसाळे या लोखंडाने गोदावरीच्या काठावर काढले आहेत. लोखंड आपोआप इतके टिकत नाही. मराठवाड्यात शस्त्रपूजेच्या ज्या चालीरीती आहेत, त्यांच्या पोटात देखभालीची एक शिस्त आहे, आणि ती शिस्त सांभाळणाऱ्या कारागिराला इतिहासात त्याची जागा मिळालेली नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी तख्तातल्या त्या बंदुकीचेच पाहू. तोड्याच्या बंदुकीची रचना साधी असते. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची, कानाजवळ रंजक, म्हणजे पेट देणारी बारीक दारू, ठेवायची आणि जळता तोडा, म्हणजे वात, तिला लावायचा. पण ही काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होऊन जात नाही. तो राख आणि क्षार होऊन उरतो आणि त्यातला काही नळीतच बसतो. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. बार काढून ठेवलेली बंदूक तशीच भिंतीला टेकवली, तर दमट हवेत काही दिवसांतच नळी आतून गंजू लागते. बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतून खड्डे पडून पातळ झालेली असू शकते, आणि अशी नळी पुढच्या बाराला फुटली तर चालवणाऱ्याचाच हात जातो. नुसत्या तेलाने हे क्षार निघत नाहीत. ते पाण्यात विरघळतात, म्हणून आधी गरम पाण्याने नळी धुवायची, मग कोरडी ठणठणीत करायची आणि त्यानंतरच तेलाचा हात फिरवायचा, असा क्रम सगळ्या जगातल्या बंदूकवाल्यांनी अनुभवाने ठरवला. क्रम चुकला की शस्त्र गेले. तलवारीची गोष्ट थोडी वेगळी असली तरी शत्रू तोच, ओल. चामड्याचे अस्तर असलेल्या म्यानात पावसाळाभर पडून राहिलेले पाते म्यानाच्या आतच गंज धरते.

आता पंचांग उघडावे. खंडेनवमी आणि दसरा आश्विनात येतात, म्हणजे मराठवाड्यातला पाऊस सरत आलेला असतो तेव्हा. माळ्यावरची, पेटीतली, म्यानातली शस्त्रे बाहेर काढायची, घासायची, पुसायची, मांडायची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला निघायचे. शेतकरी विळा-कुऱ्हाड मांडतो, सुतार करवत आणि रंधा मांडतो. मांडण्याआधी सगळेच साफ करतात. नांदेडला दसऱ्याला हल्ला-महल्ला ही मिरवणूक निघते, तेव्हा तलवारी म्यानाबाहेर असतात. पुढे दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते. संगत गोदावरीचे पाणी घागरींनी वाहून आणते, तख्त धुतले जाते आणि शस्त्रांची सफाई होते. ओल ओसरल्यावर आणि थंडीची कोरडी हवा सुरू होताना हे सगळे घडते. वर्षात लोखंड तपासायला याहून चांगला मुहूर्त नाही. भाविकाला हा विचार कोरडा वाटेल. श्रद्धेच्या विधीला गंजाचे कारण चिकटवणे म्हणजे तो विधी लहान करणे, असा आक्षेप कोणीही घेईल. त्या आक्षेपाचा आदर ठेवूनही तो पटत नाही. गुरुजींच्या शस्त्रांना संगत हात जोडते ते श्रद्धेने, याबद्दल वाद नाही. पण श्रद्धेने जे काम दरवर्षी न चुकता करून घेतले, ते राजाच्या शस्त्रागारालाही जमले नाही. औसा आणि उदगीरच्या किल्ल्यांवरच्या तोफा उघड्यावर ऊनपाऊस खात राहिल्या, कारण त्यांचे राज्य संपले आणि त्यांच्याकडे वर्षातून एकदा तेलफडके घेऊन जाणारे कोणी उरले नाही. विधी टिकला तिथे वस्तू टिकली. यात श्रद्धेचा मोठेपणाच दिसतो.

हे काम ज्यांच्या हातांनी होत आले ते शिकलगार, मराठवाड्यात ज्यांना शिकलकरी म्हणतात. महाराष्ट्रात मुसलमान शिकलगार आहेत आणि शीख शिकलकरीही आहेत. शीख शिकलकऱ्यांच्या परंपरेत आपले पूर्वज गुरूंच्या फौजेची शस्त्रे घडवत आणि पाजळत, असे अभिमानाने सांगितले जाते. हे काम म्हणजे नुसते घासणे नव्हे. दख्खनचे पोलाद जगात नावाजलेले होते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम इथे मुशीत पोलाद बनत असे आणि ते विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी या इंग्रज अभ्यासकाने ते प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले आहे. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. ती कोरलेली नसते. पोलादाच्या पोटातच असते. पाते गंजले की ती दिसेनाशी होते, आणि चुकीच्या हाताने घासले तरीही दिसेनाशी होते. कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेल्या चाकावर पाते धरायचे, मग बारीक पुडीने आणि तेलाने झिलई आणायची आणि शेवटी हिराकशीच्या पाण्याने नक्षी पुन्हा वर काढायची. कुठे थांबायचे हे ज्याला कळते तो कारागीर. सोन्याच्या तारेचे काम असलेल्या मुठीजवळ त्याचा हात आपोआप हलका होतो.

सर्वांत गंभीर आक्षेप संग्रहालयांच्या जाणकारांकडून येतो, आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. त्यांचे म्हणणे असे की दरवर्षी घासलेली वस्तू दरवर्षी थोडी कमी होते. पात्यावरची अक्षरे पुसट होतात, धारेवरचे जुने खळगे, म्हणजे लढाईच्या खुणा, बुजतात. जुन्या लोखंडावरचा स्थिर काळसर थर त्याचे रक्षणही करतो. तो काढून टाकला की ताजे लोखंड पुन्हा गंजायला मोकळे. हे सगळे खरे आहे. जुनी बंदूक नवी दिसावी म्हणून दस्त्यावर नवे पॉलिश आणि नळीवर नवा निळा रंग चढवणाऱ्या हौशी माणसाने तिचा अर्धा इतिहास पुसलेला असतो. पण या आक्षेपाने शिकल, म्हणजे शस्त्रे घासून पाजळण्याचे काम, निरुपयोगी ठरत नाही. ती किती आणि कधी करायची, एवढाच प्रश्न उरतो. चांगला शिकलकरी सक्रिय गंज आणि स्थिर थर यांत फरक करतो. लालसर, भुकटी सुटणारा गंज काढायचा आणि काळा, घट्ट थर तेलाने दाबून ठेवायचा, हे तो बोटाने ओळखतो. संग्रहालयशास्त्र हीच गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली शिकवते. दोघांनी एकत्र बसावे, इतकाच याचा अर्थ.

धंदा मात्र मोडला, आणि तो केवळ लढाया थांबल्या म्हणून मोडला नाही. ब्रिटिश मुलुखात 1878 च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्याखाली आणले. निजामाच्या संस्थानात वेगळा अंमल होता. तिथे 1948 पर्यंत ठासणीच्या बंदुका गावोगाव होत्या. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या हातीही लष्करी रायफलींपेक्षा त्याच जास्त होत्या. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर हे चित्र पालटले आणि 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाल्यावर बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येईनाशी झाली. जुनी लष्करी रायफल विकत घेऊन घरच्या ओट्यावर दुरुस्त करायची, ही अमेरिकेत सर्रास चालणारी हौस आपल्याकडे गुन्हा ठरते; .303 सारखे लष्करी बोअर तर सामान्य माणसासाठी निषिद्धच आहे. ज्या जुनाट शस्त्राचा दुरुस्तीनेही बार उडू शकत नाही, त्याला कायद्याच्या 45 व्या कलमात सूट आहे. हा कायदा असाच असावा. रझाकारांचा काळ पाहिलेल्या या प्रदेशाला घरोघरी चालती बंदूक नको आहे. दुःख एवढेच की बंदुकीबरोबर शिकलही गेली. शिकलकरी बादल्या, कढया आणि कुलपाच्या चाव्या करू लागले. मध्य प्रदेशातल्या काही वस्त्यांतून बेकायदा पिस्तुले पकडली गेली की सगळ्या समाजाकडे संशयाने पाहिले जाते. काहींच्या गुन्ह्यासाठी सबंध जमातीच्या कौशल्याला आरोपी करणे अन्यायाचे आहे, आणि ज्या कौशल्याला सरळ मार्गाचे काम मिळत नाही ते आडवाटेला लागण्याचा धोका वाढतो, हेही तितकेच खरे.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने औसा, उदगीर आणि कंधारच्या किल्ल्यांवरच्या लोखंडाची पावसाळ्यानंतर दरवर्षी पाहणी करावी आणि त्या कामावर प्रशिक्षण देऊन शिकलकरी तरुणांना घ्यावे. तख्ताच्या व्यवस्थापनाने तख्तस्नानाआधी आणि नंतर प्रत्येक शस्त्राचे वजन, मोजमाप आणि छायाचित्र नोंदवून ठेवावे, मर्यादा सांभाळून. आणि ज्यांच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर पडली आहे, त्यांनी तिला कानस लावण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन तिची कागदपत्रे नीट करून घ्यावीत.