रंगाची साक्ष

१९६७ साली पीटर वुल्फ यांनी रक्तातील प्लेटलेटांपासून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांचे वर्णन केले आणि त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटले. पुढे १९८३ मध्ये कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टोन व त्यांचे सहकारी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी अभ्यासीत होते. पक्व होताना पेशी नको झालेली काही प्रथिने इवल्या पिशव्यांत भरून बाहेर टाकते, असे त्यांना आढळले. म्हणजे धूळ काय आणि केर काय, या पिशव्यांची किंमत तेवढीच!

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. येथे तेरा लागली. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो प्रभृतींनी दाखविले की, अशा पिशव्या रोगप्रतिकारक टी-पेशींना चेतवितात. २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांना त्यांत आरएनए सापडले, आणि ते एका पेशीकडून दुसरीकडे पोचते असेही दिसले. केराची टोपली ही टपालाची थैली ठरली.

पण टपाल पोचले हे ओळखावयाचे कसे? यांतील पुष्कळ पिशव्यांचा व्यास अवघा ३० ते १५० नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरांखालचा तपशील उलगडत नाही. मात्र दूरच्या डोंगरावरील कंदिलाचा आकार दिसला नाही तरी उजेड दिसतोच. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा परत देण्याच्या गुणाला स्टोक्स यांनी १८५२ मध्ये ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले होते. त्याच गुणाचे, पेशीच्या स्निग्ध आवरणात रुतून बसणारे रंग होरन आणि स्लेझाक यांनी १९८९ मध्ये पुढे आणले. होरन यांच्या आद्याक्षरांवरून ते ‘पीकेएच’ म्हणून ओळखले जातात. मूळ पेशींसाठी केलेले हे रंग पुढे पिशव्यांनाही लावण्यात आले. रंगविलेल्या पिशव्या पेशींवर सोडाव्या, आणि पेशी आतून उजळली की पिशवी पोचली असे समजावे.

इथेच घोटाळा झाला. हे रंग पाण्यात स्वतःचेच गोळे करतात, आणि ते आकाराने पिशव्यांसारखेच असू शकतात. पेशी तेही गिळते, हे २०१८ मधील एका अभ्यासाने दाखविले. शिवाय पिशवी विरघळून गेली तरी रंग मागे उरतो. रंगपंचमी होऊन गेल्यावर सदऱ्यावरील डाग पाहून रंग कोणी टाकला हे सांगता येईल काय?

म्हणून आता उलटतपासणी होते. पिशव्यांवाचून नुसता रंग त्याच सर्व कृतींतून नेऊन पाहतात. चार अंश तापमानात पेशीचे गिळणे जवळजवळ थांबते. तेथेही उजेड तितकाच राहिला, तर तो बाहेर चिकटलेल्या रंगाचा असण्याचा संशय घ्यावा. शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून मिळविलेले हिरवे प्रथिनही आज पिशव्यांवरील सीडी६३ या प्रथिनाला जोडतात. मग खूण पेशी स्वतःच करते. पण ती सीडी६३ असलेल्या पिशव्यांपुरतीच.

या पिशव्यांतून औषध नेमक्या पेशीपर्यंत न्यावे, अशी आज अनेकांची आशा आहे. उद्या रोग्याचे प्राण ज्या साक्षीवर अवलंबून राहतील, ती साक्ष पिशवीची की नुसत्या रंगाची, हे आधी विचारणे आम्हांस शास्त्राचे पहिले कर्तव्य वाटते.